तिसरा महिना सरताना

(देऊळगाव राजा येथील प्रौढ साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



आज आम्ही ज्या गोष्टीविषयी बोलणार आहोत, ती आपल्याकडे कुणी मोठ्याने बोलत नाही. सुनेला दिवस गेले की सासू हळूच सांगते, "तीन महिने कुणाला कळू देऊ नको बरं." तिसऱ्या महिन्यात ओटी भरतात, तीही चोरओटी. गाजावाजा नाही, वाजंत्री नाही. घरच्या चार बाया, हिरवी चोळी, आणि झाले.

ही रीत वाईट आहे असे आम्ही म्हणणार नाही. तिच्यामागे जुना अनुभव आहे. गर्भ पडायचा असला तर बहुधा पहिल्या तीन महिन्यांतच पडतो. दिवस गेल्याचे कळलेल्या शंभर बायांपैकी दहा ते वीस जणींच्या वाट्याला हे दुःख येते. गावभर सांगून बसल्यावर असे झाले, तर जिवाला दुहेरी घोर लागतो. म्हणून गावापासून लपवायचे तर लपवा. पण आशाताईपासून आणि नर्सबाईपासून लपवू नका. तिथे १२ आठवड्यांच्या आत नाव लागले पाहिजे.

आणखी एक ऐकून ठेवा. गर्भ पडतो तो ग्रहणात बाहेर गेल्याने नव्हे, कुणाची नजर लागल्याने नव्हे, की पांढऱ्या पायामुळे नव्हे. जवळजवळ निम्म्या वेळी गर्भाच्या घडणीतच पहिल्या दिवसापासून मोठा दोष असतो. तो गर्भ वाढणारच नसतो. अशा बाईला घरात बोल लावतात, तो अन्याय आहे. तिला दवाखाना हवा, विश्रांती हवी, आणि नवऱ्याचा आधार हवा.

आता १२ आठवडे मोजायचे कसे? ते शेवटची पाळी आली त्या दिवसापासून मोजतात. तारीख आठवत नसेल तर सण आठवा. "बालाजीच्या यात्रेच्या आदल्या दिवशी" एवढे सांगितले तरी नर्सबाई पंचांग पाहून तारीख काढते. समजा, शेजारी सिंदखेड राजाला जिजाऊंची जयंती होती, म्हणजे १२ जानेवारी, त्या दिवशी पाळी आली. त्या तारखेत नऊ महिने आणि सात दिवस मिळवा. १९ ऑक्टोबर आला. ही बाळंतपणाची अंदाजी तारीख. थोडे मागेपुढे होतेच. आणि १२ आठवडे भरतात एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात.

त्या वेळी पोटात काय असते? बाळ डोक्यापासून ढुंगणापर्यंत साधारण साडेपाच सेंटिमीटर असते. आपल्या बोटाची दोन पेरे धरा. त्यात डोकेच जवळजवळ निम्मे. हातापायांची बोटे सुटी झालेली असतात. काळीज मिनिटाला दीडशेच्या वर ठोके देते. बाळ हलतेसुद्धा! पण इतके लहान की आईला कळत नाही. पहिलटकरणीला हालचाल बहुधा पाचव्या महिन्यात कळते. तोवर "पोटात काहीच हलत नाही" म्हणून घाबरू नये.

आईलाही थोडे बरे वाटू लागते. कोरड्या ओकाऱ्या, फोडणीचा वास न सोसणे, सारखी झोप येणे, हे हळूहळू कमी होते. काहींना आणखी महिनाभर त्रास होतो, तोही ठीक. पण पाण्याचा घोटही टिकत नसेल, लघवी अगदी कमी होत असेल, तर ते "कडक डोहाळे" म्हणून सोडून देऊ नका. अंगावर रक्त जाणे, पोटात जोराची कळ, ताप, लघवीला जळजळ, यांतले काही झाले तर रात्र असली तरी निघा. १०२ किंवा १०८ नंबरला फोन करा, गाडी येते. सकाळपर्यंत थांबू नये.

नाव नोंदवल्यावर माता आणि बाल संरक्षण कार्ड मिळते. ते ट्रंकेच्या तळाशी ठेवू नका. त्यावर वजन, रक्तदाब, रक्त, लघवी यांची नोंद होते. आता तुम्हाला अक्षर येते, तेव्हा स्वतः वाचा. हिमोग्लोबिन या शब्दापुढचा आकडा ११ पेक्षा कमी असेल तर अंगात रक्त कमी आहे. ७ च्या खाली असेल तर जिवाला धोका आहे. आपल्या विदर्भात सिकल सेलचा आजार आहे. त्याची तपासणी करून घ्या, आणि बाईत तो निघाला तर नवऱ्यानेही रक्त द्यावे. ऊसतोडीला, कामाला परगावी जाणाऱ्यांनी कार्ड बरोबर न्यावे. तिथल्या दवाखान्यात ते चालते.

पहिले तीन महिने फॉलिक ॲसिडची गोळी असते. ती बाळाच्या मेंदूला आणि पाठीच्या कण्याला जपते. चौथ्या महिन्यापासून लोहाची गोळी, रोज एक, १८० दिवस. शौचाला काळे होते, कुणाला मळमळते, म्हणून बाया गोळ्या कोनाड्यात टाकतात. तसे करू नका. जेवणानंतर घ्या, वर लिंबू किंवा आवळा खा. चहाबरोबर घेतली तर गोळीचा गुण निम्मा जातो. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. आणि "बाळ मोठे होईल, अडेल" म्हणून सुनेला कमी वाढणे बंद करा. भाकरी, तुरीचे वरण, मेथी, शेवगा, शेंगदाणे, चालत असेल त्यांना अंडे, हे पोटभर हवे. मिसरी लावत असाल तर आजच सोडा. ती दातांना लावली तरी तंबाखू बाळापर्यंत जाते.

आता सोनोग्राफी. ११ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान डॉक्टर ती सांगतात. बाळ किती आठवड्यांचे, एक की जुळे, ठोके ठीक आहेत का, मानेमागे सूज आहे का, हे तीत दिसते. मुलगा की मुलगी हे विचारायचे नाही. महाराष्ट्राने याविरुद्ध १९८८ साली देशात सर्वांत आधी कायदा केला, १९९४ साली तो साऱ्या देशाला झाला. सांगणाऱ्याला आणि विचारणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तरी २०११ च्या जनगणनेत आपल्या बुलढाणा जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली किती? ८५५. जिजाऊंच्या जिल्ह्यात! आणि मुलगा की मुलगी हे ठरते बापाच्या बीजावर. तेव्हा सुनेला टोमणे मारणाऱ्या सासूने आधी आपल्या लेकाकडे पाहावे.

भावांनो, तुमच्याशीही बोलायचे आहे. घरात विडी ओढू नका. दूरवरून पाण्याचे हंडे तुम्ही आणा. पहिल्या खेपेला प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत ५००० रुपये मिळतात, त्यासाठी आधार आणि बँकेचे पुस्तक शोधून ठेवा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी असते. त्या दिवशी कामाला सुट्टी घ्या. बायकोला फाटकाशी सोडून चहाच्या टपरीवर थांबू नका. आत चला, कार्ड हातात घ्या, आणि त्यावर आज काय लिहिले ते डॉक्टरांना विचारा.