उमेदवारीच्या दारातील अडसर
(बालाघाट येथील सभेत केलेले भाषण)



1952 पासूनच्या सतरा सार्वत्रिक निवडणुकांत या बालाघाटने लोकसभेवर पुरुषच पाठविला. अठराव्या खेपेस, 2024 साली, श्रीमती भारती पारधी निवडून आल्या. बहात्तर वर्षे! या विलंबाचे खापर मतदारांच्या माथी फोडण्याची आपल्या पुढाऱ्यांना सवय आहे. स्त्रीला मते पडत नाहीत, असे ते सांगतात. मग लांजीने 2013 व 2018 साली हिना कावरे यांना विधानसभेत कोणत्या चमत्काराने धाडले? 2023 साली याच शहराने गौरीशंकर बिसेन यांच्यासारख्या तत्कालीन मंत्र्याला घरी बसवून अनुभा मुंजारे यांना कसे निवडले?

अडसर मतपेटीपाशी नाही, त्याआधीच्या दारात आहे. त्याच 2023 च्या निवडणुकीत भाजपने प्रथम बिसेन यांच्या कन्येचे नाव जाहीर केले. पुढे कन्येच्या प्रकृतीचे कारण सांगण्यात आले आणि अर्ज वडिलांचा दाखल झाला. कारण खरे असेलही. परंतु कन्येच्या जागी वडीलच यावेत, पक्षात दुसरी स्त्री आठवू नये, हे मात्र विचार करण्याजोगे आहे. पुढाऱ्याची कन्या वा पत्नी असणे हा दोष नव्हे. पण ज्या कार्यकर्तीच्या पाठीशी घराणे नाही, तिने चिठ्ठ्या वाटाव्यात, बायाबापड्यांना मतदान केंद्रावर आणावे आणि तिकिटाची वेळ आली की ‘खर्च किती कराल? घरचे काय म्हणतात?’ हे ऐकावे! दुसरा प्रश्न पुरुषाला कोणी विचारला आहे काय?

घरच्यांचे म्हणाल, तर 2024 साली कंकर मुंजारे बसपातर्फे उभे राहिले, पत्नी काँग्रेसच्या आमदार. एका छपराखाली दोन पक्ष नकोत म्हणून मतदान होईपर्यंत घर सोडून गेले ते पतिराज. अनुभाताईंनी पक्ष सोडला नाही आणि घरही नाही.

आपण नागपूरशी एकाच प्रांतात होतो, तेव्हा 1937 साली अनसूयाबाई काळे विधानसभेच्या उपाध्यक्ष झाल्या. 2019 साली भोपाळात हिनाताई झाल्या, त्याही उपाध्यक्षच.

2023 च्या घटनादुरुस्तीने लोकसभा व विधानसभांत स्त्रियांना एकतृतीयांश जागा देऊ केल्या. पण त्या जागेवर कोणती स्त्री बसावी, हे पक्षाची निवड समितीच ठरविणार. म्हणून भगिनींनो, तोंडी आश्वासनावर विसंबू नका. जिल्हाध्यक्षांकडे उमेदवारीचा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. नकार आला तर त्याचे कारण लेखी मागा, आणि ते कारण या चौकात मोठ्याने वाचून दाखवा.