गाडी गरम होते, पण नेमकी कधी?

आजचा एपिसोड बोनेट उघडून ऐकण्यासारखा आहे. फक्त इंजिन थंड असताना उघडा, एवढं आधीच सांगतो.

माझे मामा रोह्याला राहतात. गणपतीची मूर्ती दरवर्षी पेणहून आणतात, आणि जाण्यायेण्यासाठी त्यांची अकरा वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक आहे. गेल्या श्रावणात ती गरम व्हायला लागली. एका गॅरेजमध्ये बोनेट उघडून दोन मिनिटं बघितलं आणि सांगितलं, "हेडचं काम निघालंय, गॅस्केट गेलंय, पंचवीस हजार धरून चाला." मामांचा मला फोन, "अरे, तू इंजिनिअर ना, जरा बघ." आता मी सॉफ्टवेअरवाला. पण कोडमध्ये बग आला की आम्ही पहिला प्रश्न विचारतो तोच इथेही विचारला: नेमकं कधी होतं?

मामा म्हणाले, वडखळला ट्रॅफिकमध्ये उभं राहिलं की दहा-पंधरा मिनिटांत काटा वर. नागोठण्याहून रोह्याकडे वळलं, गाडी पळायला लागली, की काटा खाली. आणि भिसे खिंडीचा चढ? "तिथे काही नाही होत."

या तीन वाक्यांत अर्धं निदान आहे. खिंड चढताना इंजिनावर लोड जास्त, उष्णताही जास्त. हेड गॅस्केट गेलं असेल किंवा रेडिएटर आतून चोंदला असेल, तर गाडी आधी चढावर बोंबलायला हवी. इथे ती फक्त उभी असताना तापते. चालत्या गाडीत वारा आपोआप रेडिएटरमधून जातो, उभ्या गाडीत तो फॅनला ओढावा लागतो. म्हणजे पहिला संशय फॅनवर.

उलट प्रकारही सांगून ठेवतो. मोकळ्या हायवेवर ऐंशीच्या स्पीडला काटा चढत असेल, तर फॅनचा संबंध कमी. तेव्हा कुलंटची लेव्हल, थर्मोस्टॅट, चोंदलेला रेडिएटर, वॉटर पंप या बाजूने शोधायचं.

काही छोट्या गाड्यांना काटाच नसतो. इंजिन थंड असताना निळा दिवा, जास्त तापलं की लाल. लाल लागला म्हणजे "घरी जाऊन बघू" नाही, गाडी बाजूला घ्यायची. ट्रॅफिकमधून बाहेर पडायला वाव नसेल तर एसी बंद, हीटर फुल गरम, ब्लोअर फुल. घामाघूम व्हाल, पण इंजिनाची थोडी उष्णता केबिनमध्ये येते. थांबल्यावर इंजिन बंद करा आणि रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका. ते झाकण म्हणजे कुकरची शिट्टी आहे. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो प्रेशरचा. ०.९ वाल्या झाकणाखाली नुसतं पाणीसुद्धा साधारण ११९ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण उघडलं की प्रेशर जातं, आणि ते पाणी त्याच क्षणी उकळून तोंडावर येतं. गाडी नीट थंड होऊ द्या, तासभर गेला तरी चालेल.

तर फॅन. मामांच्या अंगणात गाडी चालू केली, एसी लावला. बहुतेक गाड्यांमध्ये एसी लावला की रेडिएटरचा फॅन लागतो. नाही लागला. फ्यूज काढून बघितला, ठीक. शेजारी हॉर्नचा रिले त्याच नंबरचा होता, तो अदलाबदल करून लावला. तरी फॅन गप्प. मग गाडी बंद करून फॅनचा कपलर काढला आणि फ्यूज असलेल्या जाड वायरने बॅटरीवरून थेट करंट दिला. फॅन गरगरा फिरला! म्हणजे मोटर चांगली, रिले चांगला, घोळ मधल्या वायरिंगमध्ये. कपलर नीट बघितला तर एक पिन हिरवी पडलेली आणि प्लास्टिक वितळलेलं. खारेपाटातली हवा, चार महिने पाऊस, तांबं हिरवं पडायला दुसरं काय लागतं? नवा कपलर वायरसकट लावला. हजाराच्या आत काम.

एक सावधगिरी. काही गाड्यांमध्ये चावी बंद असतानाही फॅन अचानक सुरू होतो. हात घालण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा.

पण गोष्ट इथे संपत नाही, कारण मधल्या काळात रेडिएटरमध्ये रस्त्यावर मिळेल ते पाणी ओतलं गेलं होतं. पेणच्या खारेपाटात, खाडीच्या बाजूला, बोअरचं पाणी खारट लागतं. अडचणीत ओतलं तर ठीक, गाडी घरी पोचेल. पण तेच ठेवलं तर अ‍ॅल्युमिनियम आतून खातं आणि क्षार साचतात. आम्ही थंड इंजिनावर खालचा बोल्ट उघडून सगळं काढलं, चहासारखं लालसर पाणी निघालं. बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड वॉटरने दोनदा धुतलं. मग मॅन्युअलमध्ये लिहिलेलं कुलंट निम्मं-निम्मं. रंग बघून कुलंट घेऊ नका, हिरवं म्हणजे सगळं सारखं असं नसतं. आणि डब्यावर "रेडी टू यूज" असेल तर त्यात पाणी घालायचंच नाही. काढलेलं कुलंट उघड्यावर ठेवू नका, गोडसर असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

भरताना हवा अडकते. थंड इंजिनावर झाकण उघडं ठेवून गाडी चालू करायची, हीटर गरमवर, बुडबुडे थांबेपर्यंत थोडं थोडं भरायचं, आणि उकळी येण्याआधी झाकण लावायचं. मग एसी बंद ठेवून पंचवीस मिनिटं अंगणात तशीच चालू ठेवली. फॅन लागला, थोड्या वेळाने बंद झाला, परत लागला. हीच आमची टेस्ट केस.

थर्मोस्टॅटबद्दल एक वाद नेहमी होतो. "काढून टाका, आपल्याकडे गरजच नाही," असं बरेच मिस्त्री सांगतात. मला पटत नाही. त्याशिवाय इंजिन नीट तापत नाही आणि पेट्रोल जास्त जातं. संशय असेल तर काढून पातेल्यात पाण्यात टाका आणि गरम करा. त्यावर ८२ किंवा ८८ असा आकडा असतो, त्याच्या आसपास तो उघडायला हवा. पातेलं परत स्वयंपाकाला वापरू नका. मामींचा निरोप आहे.

आणि हेड गॅस्केट खरंच गेलं असेल तर? कुलंट कमी होतं पण खाली गळत नाही, गरम इंजिनावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येतच राहतो, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसते. यातलं काही दिसलं तर गाडी चालवू नका, टोचन करून न्या. हे काम अंगणात होत नाही. मामांच्या गाडीत यातलं एकही नव्हतं, आणि हे बघायला फक्त ऑइलचं झाकण उघडायचं होतं.

तुमच्या गाडीचा काटा कधी चढतो, उभी असताना की पळताना, ते व्हॉइस नोटमध्ये पाठवा. पुढच्या वेळी त्यातलेच दोन-तीन घेऊ.