काळवीट आणि पॉइंट 315

शिकारीचे परवाने मिळत होते त्या काळातला हा प्रश्न : हरणासाठी कोणता बोअर घ्यावा?

बीडच्या माळावर हरीण म्हणजे काळवीट, नाहीतर चिंकारा. पुरा वाढलेला काळवीट भरतो 35-40 किलो. उघड्या माळावर माणूस दिसला की कळप उधळतो, जवळ जाऊच देत नाही. बारा बोअर, म्हणजे पौंडभर शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक जिच्या नळीत नेमकी बसेल ती बंदूक. तिचे छर्रे तीस-चाळीस मीटरच्या पुढे भरवशाचे नाहीत. छर्रे लागलेलं जनावर पळतं आणि कुठंतरी बाभळीआड तडफडून मरतं.

म्हणून रायफल. पण पॉइंट 303 पडली फौजेची. तिची काडतुसं फुटून बाहेर जातील या भीतीनं इंग्रजांनी ती सामान्यांना बंद केली, आणि पॉइंट 315 रूढ झाली. सरकारी कारखान्यानं ती पुढंही बनवली. तिची गोळी जवळपास 16 ग्रॅमची. एवढ्याशा जनावराला ती फारच झाली. शिवाय नेम चुकला तर माळावर तिला अडवणार कोण? पलीकडं वस्ती असते, गुराखी पोरं असतात.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हा प्रश्नच मिटवला. काळवीट आणि चिंकारा दोन्ही पहिल्या अनुसूचीत आहेत. शिकारीला तीन ते सात वर्षं कैद आणि किमान 25,000 रुपये दंड. 2025 च्या सुरुवातीला बीडमधले हजारावर शस्त्रपरवाने राज्यभर गाजले, त्यातला एकही हरणावर चालवायची मुभा देत नाही.

तरी हरणं मरतात, ती बहुधा वाघरीत, म्हणजे शिकाऱ्याच्या जाळ्यात. रायफलीचा बार गावाला ऐकू तरी जातो, जाळ्याला आवाज नसतो. हे जास्त वाईट.

बीडमधल्या आष्टीच्या हद्दीपलीकडं, कर्जत तालुक्यात, 1980 पासून रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य आहे. जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटर. कळपाला शीव कळत नाही. रात्रीत हरभऱ्याचे शेंडे खुडले जातात, आणि ज्याचं रान जातं त्याचा संतापही खरा असतो. त्याला वनविभागाची भरपाई आहे, पण तीन दिवसांच्या आत कळवावं लागतं. पंचनाम्याला वनरक्षक येईपर्यंत ओल्या सरीतले दुभंगलेल्या खुरांचे ठसे मोडू नयेत, म्हणून शेतकरी त्यांच्यावर घमेलं पालथं घालून ठेवतो.