सुगडाचा मान कोणाचा?

बंधू-भगिनी या दोन शब्दांत न मावणाऱ्या माझ्या मित्रहो,

क्विअर मातीकलेच्या या परिषदेसाठी अंबाजोगाईत आपलं मनापासून स्वागत. संतकवी मुकुंदराज आणि दासोपंतांचं हे गाव. दासोपंतांनी पंचीकरण लिहिलं ते पासोडीवर, म्हणजे अंगावर पांघरायच्या जाड कापडावर. रोजच्या वस्तूवर मोठा विचार मांडायची रीत आम्हाला नवी नाही.

आता संक्रांतीचं सुगड घ्या. तळहाताएवढं मातीचं बोळकं. आत हरभऱ्याचे घाटे, बोरं, उसाचे करवे. बाहेर हळदीकुंकवाची बोटं. मात्र ते सवाष्णीनं सवाष्णीलाच द्यायचं. विधवेनं आणि तृतीयपंथीयानं लांबून बघायचं. अंत्यविधीचं मडकं मुलानं खांद्यावर घ्यायचं, मुलीनं नाही. कुंभाराच्या चाकावर दोन्ही एकाच चिखलातून उतरतात. बाईचं कुठलं आणि पुरुषाचं कुठलं, हे आपण घरी आणल्यावर ठरवतो. म्हणूनच क्विअर कलावंत जेव्हा आपलं जगणं मडक्यावर, ताटलीवर मांडतो, तेव्हा तो थेट आपल्या स्वयंपाकघरात येऊन बोलतो.

इंग्लंडचे कलावंत ग्रेसन पेरी यांनी फुलदाण्यांवर हेच केलं आणि २००३ साली टर्नर पारितोषिक स्वीकारायला ते 'क्लेअर' या आपल्या स्त्रीरूपात, झालरीच्या फ्रॉकमध्ये गेले. त्याच वर्षी आपले भूपेन खख्खर यांचं निधन झालं. मुंबईत जन्मलेल्या, हिशेबनीस म्हणून पोट भरणाऱ्या या चित्रकारानं पुरुषाचं पुरुषावरचं प्रेम उघडपणे रंगवलं आणि सिरॅमिकमध्येही काम केलं.

हे सगळं आमच्या बीड जिल्ह्यापासून लांबचं आहे, असं कोणी समजू नये. माजलगाव तालुक्यातले पोलीस शिपाई ललित साळवे यांनी पुरुष म्हणून जगता यावं आणि नोकरीही टिकावी, यासाठी न्यायालयापर्यंत दाद मागितली. २०१८ च्या मे महिन्यात मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि ते पुरुष शिपाई म्हणून सेवेत राहिले. समलिंगी संबंध हा गुन्हा नाही, असं सांगणारा कलम ३७७ बद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्यानंतर, ६ सप्टेंबरला आला. या बाबतीत आमचा जिल्हा दिल्लीच्या तीन महिन्यांहून जास्त पुढे होता, असं मी गमतीनं म्हणतो!

आमची योगेश्वरी देवीही, आख्यायिकेप्रमाणे, परळीच्या वैजनाथाशी लग्नाचा मुहूर्त टळल्यावर इथेच कुमारिका राहिली. तिची ओटी भरताना तिला कोणी नवऱ्याचं नाव विचारत नाही.

पाहुण्यांची सोय गावातल्या घरांत केली आहे. निघताना प्रत्येकाला सुगडाचं वाण मिळेल; सवाष्ण कोण, हे आम्ही विचारणार नाही. आपण आलात, अंबाजोगाईचा मान वाढला. परिषदेचं उद्घाटन करावं, अशी अध्यक्षांना विनंती करतो.