पंक्तीतील तेल आणि हृदयाचे आरोग्य
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



आम्ही आयुष्यभर शाळेत शिकविले. वैद्यक हा आमचा प्रांत नव्हे. तथापि ज्या पंक्तीस आपण सर्व बसतो, तिच्याविषयी दोन शब्द बोलण्याचा अधिकार प्रत्येक ज्ञातिबांधवास आहे, असे आम्ही समजतो.

तेल पातळ असते, तूप थिजते. निकेल धातूच्या साहाय्याने तेलाशी हायड्रोजन वायूचा संयोग घडविला म्हणजे तेही तुपासारखे घट्ट होते. विल्हेल्म नॉर्मान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९०२ साली या कृतीचे पेटंट घेतले. आपल्या देशात १९३७ साली ‘डालडा’ आला आणि ज्यांना साजूक तूप परवडत नव्हते, त्यांच्या घरीही सणावारी पक्वान्ने तळली जाऊ लागली. रिकाम्या डब्यांतून तुळशी लागल्या. हा उपकार लहान नव्हता.

परंतु ही क्रिया अर्धवट थांबविली असता तेलातील काही रेणूंची ठेवण बदलते आणि ‘ट्रान्स’ नावाची मेदाम्ले उत्पन्न होतात. कोलेस्टेरॉल हे मुळात विष नव्हे. आपले यकृतच ते तयार करते. एलडीएल हे त्याचे वाहन फाजील झाले म्हणजे ते रक्तवाहिन्यांच्या भिंतींत साठू लागते; एचडीएल ते यकृताकडे परत नेण्यास साह्य करते. १९९० साली मेन्सिंक व काटान या डच संशोधकांनी दाखविले की, ट्रान्स मेदाम्ले एलडीएल वाढवितात व एचडीएल घटवितात. तुपातील संपृक्त मेद पहिला अपाय करतो, दुसरा करीत नाही. तुपाची जागा घेणारा पदार्थ असा तुपाहूनही घातक ठरला.

जानेवारी २०२२ पासून भारतात खाद्यतेले व वनस्पती तूप यांत ट्रान्स मेदाम्लांस २ टक्क्यांची मर्यादा आहे. तथापि ‘ट्रान्समुक्त’ हा शब्द वाचून निर्धास्त होऊ नये. तो घट्टपणा टिकविण्यासाठी संपृक्त मेद लागतोच. शिवाय तळून उरलेले तेल पुनःपुन्हा तापविले, तर ते काळवंडते, दाट होते आणि त्यात अपायकारक द्रव्ये वाढत जातात. घरच्या कढईवर देखरेख आपणच केली पाहिजे.

म्हणून मंडळास आमची नम्र सूचना आहे. संमेलनाच्या भोजनाचा ठराव करताना आचाऱ्यास दोन अटी घालाव्यात: वनस्पती तूप वापरू नये, आणि आदल्या दिवशीचे तळणीचे तेल पुन्हा कढईत चढवू नये. खर्च वाढेल, हे आम्ही जाणतो. त्यासाठी वर्गणी वाढवू नये. तळणीचे एक पक्वान्न कमी करावे. पानात एक पदार्थ कमी असल्याने यजमानाची अब्रू जात नाही. गृहिणींनीही घरी तेल मोजून घ्यावे आणि साजूक तूप वरणभातापुरते वाढावे.