दहावीचा फॉर्म
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. भाषणाचा मला सराव नाही. पण दहावीच्या परीक्षेविषयी चार शब्द बोलावेत असे मंडळाने सांगितले, आणि विषय मनातलाच होता, म्हणून उभी राहिले.

मुलीला दहावीच्या परीक्षेला बसवायचेच नाही असे ठरवणारे आईबाप आपल्या नंदुरबार जिल्ह्यात आहेत, हे आपणांस ठाऊक आहे. कोणी गुजरातेत ऊसतोडीला जाताना धाकट्या भावंडांना सांभाळायला तिला बरोबर नेतात. फॉर्म भरतात दिवाळीच्या आसपास, आणि टोळीही नेमकी तेव्हाच निघते. कोणाकडे सोयरीक आलेली असते. आणि कोणी म्हणतात, गणितात नापास झाली तर भाऊबंदांत शोभा होईल, त्यापेक्षा बसलीच नाही तर बरे. हे तिसरे कारण मला सर्वांत वाईट वाटते, कारण त्यात माया दिसते.

परीक्षा नको म्हणणारे पालक दुसरीकडेही आहेत. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात २०१५ साली सुमारे दोन लाख मुलांना त्यांच्या पालकांनी सरकारी चाचणीला बसू दिले नाही. पण तेवढ्यावरून त्या मुलांचा वरचा वर्ग अडला नाही. आपल्या देशातही सीबीएसईने २०११ पासून २०१७ पर्यंत दहावीची बोर्डाची परीक्षा ऐच्छिक ठेवली होती. ती सवलत कोणाला? ज्याला आपल्याच शाळेत अकरावी-बारावी करायची, त्याला. घरातल्या घरात एका खोलीतून दुसरीत जाणाऱ्याला दाखला कोण विचारतो? आपल्या खेड्यांतल्या कितीतरी शाळा दहावीला संपतात. पुढे मुलीला तळोदा, शहादा नाहीतर नंदुरबार गाठावे लागते, आणि तिथे पहिला कागद मागतात तो दहावीचाच.

२०२१ साली कोरोनामुळे राज्य मंडळाने दहावीची परीक्षा रद्द केली. शाळेतल्या गुणांवर निकाल लावला, तो ९९.९५ टक्के लागला. अकरावीसाठी एक ऐच्छिक परीक्षा ठरली होती, तीही मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्टात रद्द केली. म्हणजे त्या साली बोर्डाचा एकही पेपर न देता मुली दहावी झाल्या. मात्र ज्यांचा फॉर्म भरलेला होता त्याच! ज्यांच्या घरच्यांनी फॉर्मच भरू दिला नाही, त्यांना पास करणे सरकारच्याही हाती नव्हते.

शाळांविषयीही बोलले पाहिजे. निकाल शंभर टक्के लागावा म्हणून कच्च्या मुलीच्या वडिलांना बोलावून, "यंदा राहू द्या, पुढे बाहेरून बसवा," असे सुचवणारे गुरुजीही असतात. वडील मान डोलावून येतात. बायांनो, अशा वेळी आईने बरोबर जावे आणि विचारावे. पास व्हायला ३५ टक्के लागतात. एकदोन विषय राहिले तरी अकरावीला प्रवेश मिळतो, आणि फेरपरीक्षा त्याच वर्षी पावसाळ्यात होते. नापास झालेल्या मुलीला एवढे रस्ते आहेत. न बसलेलीला यातला एकही नाही.

नाही बसली तर काय बिघडते, असे कोणी विचारले तर मी अंगणवाडीचे सांगते. मदतनिसाला पूर्वी सातवी पुरत असे. २०२३ पासून मदतनीस काय नि सेविका काय, दोघींनाही बारावी लागते. माझ्या सातवीची किंमत माझ्या डोळ्यांदेखत उतरली. माझी शाळा वडिलांनी थांबवली ती मायेनेच, हायस्कुलाची वाट नाल्यातून होती म्हणून. नाल्यावर पुढे पूल झाला.

आता आपल्यापुरते. जी निदान पाचवी पास आहे आणि जिला १४ वर्षे पूर्ण झाली आहेत, तिला १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येते. शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड आणि फोटो लागतो. फॉर्म संगणकावर भरायचा असतो, ते काम आपली मुले करतील. आमच्या गल्लीतल्या तिघींनी दाखले शोधून ठेवले आहेत. माझा पिवळा पडला आहे, पण नाव आणि जन्मतारीख वाचता येते. गणिताची तेवढी धास्ती आहे. ज्यांचे गणित बरे आहे त्यांनी कार्यक्रम संपल्यावर मला भेटावे.