शोधयंत्राची वाढ आणि आंतरजालाचे रूपांतर

बंगळूरच्या पूर्वेस असलेले महादेवपुरा हे एकेकाळी शहराबाहेरचे खेडे होते. २००७ साली ते बृहत् बंगळूर महानगरपालिकेत समाविष्ट झाले. तोपर्यंत त्याच्या भोवताली संगणक-उद्योगाच्या काचेच्या इमारती उभ्या राहू लागल्या होत्या. याच महादेवपुऱ्यात फेब्रुवारी २०२५ मध्ये गूगल या अमेरिकन कंपनीने आपले नवे कार्यसंकुल उघडले. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १६ लक्ष चौरस फूट असून ५,००० हून अधिक कर्मचाऱ्यांची तेथे सोय होऊ शकते. संकुलास 'अनंत' हे संस्कृत नाव देण्यात आले आहे. आतील मजल्यांची मांडणी एखाद्या नगरातील गल्ल्या आणि वस्त्यांसारखी केलेली असून, लोकांनी एकत्र जमावे यासाठी मध्यभागी एक मोकळी जागा राखली आहे. तिचे नाव 'सभा'.

गल्ल्या, वस्त्या आणि मध्ये सभा हे वर्णन पंचवीस वर्षांपूर्वी आंतरजालालाही लागू पडले असते. तेथेही असंख्य लहानमोठी घरे होती आणि एका घरातून दुसऱ्याकडे जाणारे दुवे होते. वाटसरू वाट विचारीत हिंडत असे व वाटेत न शोधलेलीही पुष्कळ घरे त्याच्या दृष्टीस पडत. आज त्या नगराच्या बहुतेक सर्व वाटा एकाच वेशीतून जातात. ही वेस कशी उभी राहिली आणि तिच्यामुळे आतील नगराचा नकाशा कसा बदलला, हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे.

आंतरजालाच्या आरंभकाळी शोध घेण्याचे काम प्रामुख्याने याद्यांवर अवलंबून होते. १९९४ साली अमेरिकेत याहू ही यादी सुरू झाली. विषयवार वर्गीकरण करून संकेतस्थळांची नोंद माणसे करीत, ग्रंथालयातील तालिकेप्रमाणे. भारतात मुंबईच्या इंडियावर्ल्ड या उपक्रमाने 'खोज' नावाची अशीच यादी चालविली होती. नोव्हेंबर १९९९ मध्ये सत्यम इन्फोवे या कंपनीने हा संपूर्ण उपक्रम ४९९ कोटी रुपयांना विकत घेण्याचा करार केला, तेव्हा त्या रकमेची देशभर चर्चा झाली. पण याद्यांचे युग तेव्हाच सरत आले होते. पानांची संख्या इतक्या वेगाने वाढत होती की, माणसांच्या हातून तिची नोंद होणे अशक्य झाले.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन संशोधक विद्यार्थ्यांनी यावर जो उपाय काढला, त्याचे मर्म समजण्यास गणिताची गरज नाही. गावात चांगला वैद्य कोण, हे पाटी वाचून कळत नाही. चार जाणती माणसे ज्याच्या दाराकडे बोट दाखवितात तो चांगला. आणि बोट दाखविणारा स्वतः जितका प्रतिष्ठित, तितके त्याच्या निर्देशाचे वजन अधिक. आंतरजालावरील प्रत्येक दुवा म्हणजे असा एक निर्देश होय असे मानून या दोघांनी पानांची प्रतवारी लावली. विद्वज्जन एकमेकांच्या ग्रंथांचे संदर्भ देतात, त्यावरून ही कल्पना सुचली होती. १९९८ च्या सप्टेंबरात कंपनी स्थापन झाली. त्याच वर्षी प्रसिद्ध केलेल्या निबंधाच्या परिशिष्टात या दोघांनी एक सावध अभिप्राय नोंदविला होता: जाहिरातींच्या उत्पन्नावर चालणारे शोधयंत्र स्वभावतःच जाहिरातदारांकडे झुकेल, शोध घेणाऱ्याच्या गरजेकडे त्याचे दुर्लक्ष होईल. दोनच वर्षांनी, ऑक्टोबर २००० मध्ये, त्यांच्याच कंपनीने शोधाच्या शब्दांवर जाहिराती विकण्यास प्रारंभ केला. याला ढोंग म्हणणे अन्यायाचे होईल. यंत्रांचा व विजेचा खर्च कोणी तरी भागवावयास हवा होता, आणि वाचक पैसे देण्यास तयार नव्हता.

पुढील वाढ एका साध्या चक्राने झाली. अधिक लोक शोध घेऊ लागले म्हणजे कोणत्या उत्तरावर ते थांबले व कोणत्या उत्तरावरून परत फिरले, याची नोंद अधिक होते; नोंदीमुळे उत्तर सुधारते; सुधारलेल्या उत्तराकडे आणखी लोक येतात. या चक्राबाहेर राहिलेल्याला आत शिरणे वर्षागणिक कठीण होत गेले. खुद्द बंगळूरनेच याचा अनुभव घेतला. २००६ साली याच शहरात 'गुरुजी' नावाचे भारतीय शोधयंत्र सुरू झाले. दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत शिकलेल्या तरुणांनी ते उभारले होते, त्यामागे भांडवल होते, आणि स्थानिक माहितीवर भर देण्याची दृष्टीही होती. पुढे ते गाण्यांच्या शोधाकडे वळले, स्वामित्वहक्काच्या वादात सापडले आणि काही वर्षांतच बंद पडले. गूगलने मात्र २००४ पासूनच बंगळूरमध्ये आपले अभियांत्रिकी केंद्र थाटले होते. त्याच शहरातील बुद्धिमत्ता दोन्हीकडे उपलब्ध होती. नोंदींचा साठा मात्र एकाच बाजूस होता.

वेस रुंद करण्याचे दुसरे साधन म्हणजे करार. हातातील फोन किंवा संगणक उघडताच कोणते शोधयंत्र समोर यावे, हे आधीच ठरलेले असते, आणि बहुसंख्य माणसे ते बदलीत नाहीत. त्या जागेसाठी गूगलने २०२१ या एका वर्षात निरनिराळ्या कंपन्यांना मिळून २,६३० कोटी डॉलर दिले, हे पुढे अमेरिकन न्यायालयात उघड झाले. केवळ गुणवत्तेवर लोक येतात असा विश्वास असता, तर इतका मोठा आकडा देण्याचे प्रयोजन उरत नाही.

आता नगराकडे वळले पाहिजे. दुवा हा निर्देश आहे तोवरच त्याचे मोल खरे असते. त्यावर पैसा अवलंबून आहे हे कळताच दुव्यांची खरेदी-विक्री सुरू झाली. केवळ एकमेकांकडे बोट दाखविण्यासाठी निर्माण केलेली संकेतस्थळे उगवली. वैद्याने भाड्याने माणसे आणून चावडीवर आपली स्तुती करवावी, तसा हा प्रकार होता. कंपनीने प्रतवारीचे नियम बदलले. फेब्रुवारी २०११ मधील बदलाने हलक्या मजकुराची अनेक स्थळे एका फटक्यात मागे टाकली, आणि त्यांच्यासोबत काही निरपराधही भरडले गेले. नियम बरेचसे गुप्त आणि अपील कोणाकडे, हे ठाऊक नाही, अशा स्थितीत प्रकाशकांनी एकच धडा घेतला: वाचकासाठी लिहिण्याआधी यंत्रासाठी लिहावे. शीर्षकात प्रश्न घालावा, उत्तर लांबवावे, तोच शब्द चार वेळा आणावा. पुरणपोळीची कृती वाचावयास गेलेल्या गृहिणीस प्रथम पुरणपोळीचे महत्त्व, इतिहास आणि फायदे वाचावे लागतात. तिला त्यांची गरज नसते. ते तिच्यासाठी लिहिलेलेच नसतात.

मराठीच्या बाबतीत या कथेला आणखी एक प्रकरण आहे, आणि ते इतरत्र फारसे सांगितले जात नाही. आंतरजालावर मराठी उशिरा आली असे नव्हे. अमेरिकेतील मराठी मंडळींनी 'मायबोली' हे संकेतस्थळ १९९६ सालीच सुरू केले होते, म्हणजे गूगलच्याही आधी. पण त्या काळी देवनागरी अक्षर दाखविण्याची युक्ती निराळी होती. पुण्यातील प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजे सी-डॅकने, आणि पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकसारख्या कंपन्यांनी घडविलेले फॉन्ट वृत्तपत्रे व मुद्रणालये वापरीत. त्यांत 'क' हे अक्षर पडद्यावर 'क' दिसे, परंतु संगणकाच्या पोटात त्याच्या जागी एखादे रोमन चिन्ह साठविलेले असे, आणि प्रत्येक फॉन्टची ही सांकेतिक व्यवस्था वेगळी. तो विशिष्ट फॉन्ट जवळ असलेल्या माणसास मजकूर वाचता येई. शोधयंत्रास मात्र तेथे सामान्यतः अर्थहीन रोमन चिन्हांची रास दिसे. सर्व लिपींना समान संकेत देणारी युनिकोड व्यवस्था १९९१ पासून अस्तित्वात होती आणि देवनागरी तीत पहिल्यापासून होती. तरी व्यवहारात ती रुजण्यास पुढील शतक उजाडावे लागले.

याचा परिणाम नीट ध्यानात घ्यावयास हवा. याद्यांच्या युगात अशा पानाला काही अडचण नव्हती. माणसाने ते पाहिले की यादीत नोंद होई. शोधयंत्र हीच एकमेव वाट झाल्यावर, यंत्राला न वाचता येणारे पान हे नसल्यासारखेच झाले. मराठी नियतकालिकांनी पहिल्या दहा-बारा वर्षांत आंतरजालावर जे ठेवले, त्याचा मोठा भाग अशा रीतीने विस्मृतीत गेला. तो कोणी नष्ट केला नाही. त्याच्याकडे जाणारी पाऊलवाट मोडली इतकेच. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाने युनिकोडचा मार्ग धरला, म्हणून त्याची पाने आजही सापडतात.

त्या बदलात शोधयंत्राचे श्रेयही मान्य केले पाहिजे. सापडावयाचे असेल तर युनिकोडमध्ये लिहा, ही सक्ती कोणत्याही शासकीय परिपत्रकापेक्षा अधिक परिणामकारक ठरली. २०१३ साली गूगलच्या भाषांतर-सेवेत मराठीचा समावेश झाला. परंतु मजकुरातून उत्पन्न मिळण्याची वाट वेगळी होती. संकेतस्थळावर जाहिराती आणून देणारी गूगलची व्यवस्था २००३ साली सुरू झाली. तीत हिंदीला २०१४ च्या अखेरीस प्रवेश मिळाला व मराठीला २०१८ साली. तोपर्यंत त्या व्यवस्थेच्या दृष्टीने मराठी पान म्हणजे भाडे न मिळणारे घर होते. कोणत्या भाषेत लिहिण्याने पोट भरावे, हा निर्णय अशा तऱ्हेने दूरदेशीच्या एका कार्यालयात झाला, आणि त्याची फारशी वाच्यताही येथे झाली नाही.

जाहिरातींच्या या व्यवहाराचे स्वरूप शेतमालाच्या बाजाराशी परिचित असलेल्यास चटकन कळेल. मार्च २००८ मध्ये डबलक्लिक ही कंपनी ताब्यात आल्यानंतर विकणाऱ्याचा अडत्या, घेणाऱ्याचा दलाल आणि ज्या आवारात लिलाव चालतो त्या आवाराचा मालक, या तिन्ही भूमिका एकाच घरात आल्या. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातील न्यायालयाने यांपैकी दोन ठिकाणी, म्हणजे प्रकाशकांच्या बाजूची यंत्रणा आणि लिलावाचे आवार येथे, बेकायदा मक्तेदारी झाल्याचा निर्णय दिला.

गेल्या दशकात वेशीने आणखी एक काम आपल्याकडे घेतले. पूर्वी ती वाट दाखवी. आता ती उत्तरच देते. २०१२ पासून व्यक्ती, स्थळे, ग्रंथ यांची संक्षिप्त माहिती शोधाच्या पानावरच मिळू लागली. पुढे पानांतील उतारे वर येऊ लागले आणि २०२४ साली, प्रथम अमेरिकेत व नंतर भारतात, कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेला सारांश सर्वांत वर झळकू लागला. वाचकाची सोय झाली, यात शंका नाही. परंतु मराठी विश्वकोशाचे उदाहरण घ्यावे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाई येथे त्याचे कार्य उभे राहिले. त्याच्या नोंदींखाली लेखकाचे नाव असते, आणि संदर्भग्रंथही दिलेले असतात. विद्यार्थी नोंदीपर्यंत गेला तर एका माणसाने हे लिहिले आहे व त्याच्याशी मतभेद होऊ शकतो, हे त्यास कळते. चार ओळींच्या सारांशात ते नाव गळते, आणि मतभेदाची जागाही त्यासोबत जाते. वृत्तपत्रांची चिंता अधिक रोकडी आहे. बातमी मिळविण्याचा खर्च त्यांनी करावयाचा आणि वाचक वेशीवरूनच परतावयाचा, तर वार्ताहराचे वेतन कशातून निघावे? जाहिरात-उत्पन्नाच्या वाटणीविषयी भारतातील वृत्तप्रकाशकांच्या संघटनेने केलेल्या तक्रारीवरून स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये चौकशीचा आदेश दिला, त्यामागे हाच प्रश्न होता.

भारतातील शोधविषयक पहिला महत्त्वाचा निवाडा त्याआधीचा, ८ फेब्रुवारी २०१८ चा आहे. विवाह जुळविणारे संकेतस्थळ चालविणारी चेन्नईची कंपनी आणि जयपूरची एक ग्राहक-संस्था यांनी २०१२ साली तक्रार नेली होती. विमानप्रवासाचा शोध घेणाऱ्यापुढे कंपनी स्वतःचीच सेवा ठळकपणे मांडते, इत्यादी मुद्द्यांवर आयोगाने १३५ कोटी ८६ लक्ष रुपयांचा दंड ठोठावला. शोधाच्या शब्दांवरील जाहिरातींसंबंधीचा आक्षेप मात्र मान्य झाला नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइड फोनमधील सक्तीच्या सोयींबद्दल १,३३७ कोटी ७६ लक्ष रुपयांचा दंड झाला. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण आयोगाचे काही आदेश रद्द केले. कंपनीच्या जागतिक उत्पन्नाच्या मानाने या रकमा किरकोळ होत. आदेशांचे वजन दंडाहून अधिक असते, आणि नेमके तेच अपिलात कमी झाले.

वॉशिंग्टनमधील न्यायाधीश अमित मेहता यांनी ५ ऑगस्ट २०२४ रोजी, शोधाच्या क्षेत्रात गूगलने बेकायदा मक्तेदारी टिकविली, असा निष्कर्ष काढला. २ सप्टेंबर २०२५ च्या उपायविषयक निर्णयात त्यांनी कंपनीचे विभाजन नाकारले व मोक्याच्या जागेसाठी पैसे देण्यावर सरसकट बंदी घातली नाही. एकाधिकाराचे करार मात्र वर्ज्य ठरविले, आणि शोधसूचीचा व वापराच्या नोंदींचा काही भाग पात्र प्रतिस्पर्ध्यांना द्यावा, असे फर्माविले. 'गुरुजी'च्या काळी असा आदेश असता तर बंगळूरचा इतिहास निराळा झाला असता की काय, हे सांगता येणार नाही. त्या सूचीतून प्रतिस्पर्ध्याला मिळेल तेही पहिल्या यंत्राने जे वाचले तेवढेच. पुण्यातील फॉन्टांत रचलेली, यंत्राने कधी न उलगडलेली मराठी पाने त्या वाटपात कोणाच्याच पदरात पडणार नाहीत.